‘गेट’चा अर्थ कसा लावायचा: नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी

‘आय गॉट अप लेट, गॉट ड्रेस्ड, गॉट द बस, गॉट वेट, गॉट टु वर्क ॲट टेन अँड गॉट अ वॉर्निंग.’

हे मराठीत सांगून बघा. उशिरा उठले, कपडे केले, बस पकडली, भिजले, दहाला कामावर पोचले आणि तंबी मिळाली. इंग्रजीत एकच क्रियापद सहा वेळा आलं. मराठीत सहा वेगळी क्रियापदं लागली आणि त्यातलं एकही पुन्हा आलं नाही. शाळेत आपण ‘गेट म्हणजे मिळणे’ असं पाठ केलेलं असतं. त्या हिशेबाने या सहा तुकड्यांपैकी फक्त शेवटचा कळतो.

मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात एक बाई होत्या, व्याकरण अगदी पक्कं. नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरचा फोन वाजला. सहकाऱ्याच्या दोन्ही हातांत कागदांचे गठ्ठे होते. तो म्हणाला, ‘कॅन यू गेट दॅट?’ बाई उठल्या आणि टेबलाकडे बघत उभ्या राहिल्या. यातलं नेमकं काय आणून द्यायचं? फोन वाजून वाजून थांबला. त्याला म्हणायचं होतं, ‘तेवढा फोन घेता का?’ त्या वाक्यात एकही शब्द त्यांना नवा नव्हता. अनोळखी शब्द आला की माणूस थांबून विचारतो तरी. ओळखीचा शब्द फसवतो तेव्हा आपण फसलोय हेही कळत नाही, म्हणून मी ‘गेट’ला एवढा वेळ देते.

सुरुवातीलाच एक मनावर घ्या: हा शब्द अवघड वाटला तर दोष तुमचा नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली लंडनमध्ये आपला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने काही क्रियापदांबद्दल तक्रारच केली आहे. त्यांचा अर्थ इतका सैल आणि पसरट आहे की व्याख्येत धरून ठेवता येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्या यादीत गिव्ह, टेक, पुट, सेट, रन यांच्या जोडीला गेटही आहे.

आणि तुमच्याकडे असाच एक शब्द आधीपासून आहे. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, जावं लागतं, बाळ रडायला लागतं. याची यादी तुम्हाला कुणी पाठ करायला दिली होती का? ‘लागणे’च्या शेजारी काय आहे ते ऐकून तुम्ही अर्थ लावत गेलात. ‘गेट’लाही तसंच धरायचं आहे, फक्त इंग्रजीत शेजारचा शब्द बहुतेक वेळा क्रियापदाच्या नंतर येतो.

पायरी १: कान तयार करा

देवनागरीत दरवाजाचं ‘गेट’ आणि हे ‘गेट’ सारखंच लिहिलं जातं, कारण ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ आपण लिहून वेगळे दाखवत नाही. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. फाटकाचा ‘ए’ लांबतो आणि शेवटी किंचित ‘इ’कडे झुकतो. आपल्या क्रियापदाचा ‘ए’ तोकडा, झटक्यात संपणारा. भूतकाळ ‘गॉट’. भरभर बोलण्यात ‘गॉट टु’चं ‘गॉटा’ होतं. एवढं पुरे, पुढे चला.

पायरी २: ‘गेट’च्या पुढे काय आहे ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हे नीट बसलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

पुढे वस्तू असेल तर मिळणे, आणणे, घेणे यांपैकी काहीतरी असतं. कोणतं, ते वाक्यातल्या लहान शब्दावरून ठरतं. ‘आय गॉट अ गिफ्ट फ्रॉम हर’ म्हणजे मला तिच्याकडून भेट मिळाली. ‘आय गॉट अ गिफ्ट फॉर हर’ म्हणजे मी तिच्यासाठी भेट घेतली. ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर’ आला आणि देणारी व्यक्ती घेणारी झाली. माणूस आणि वस्तू दोन्ही पाठोपाठ आले, उदाहरणार्थ ‘गेट मी अ चेअर’, तर जवळपास नेहमीच आणून देणे. पुढे आजार असेल तर होणे: ‘शी गॉट द फ्लू’, तिला फ्लू झाला. बस किंवा ट्रेन असेल तर पकडणे. वाजणारा फोन किंवा दारावरची टकटक असेल तर फोन घेणे, दार उघडणे. त्या बाईंना हेच माहीत नव्हतं.

पुढे विशेषण असेल तर स्थिती बदलते आहे असं समजा. ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे मी दमले आहे. ‘आय ॲम गेटिंग टायर्ड’ म्हणजे मी दमायला लागले आहे. पहिलं वाक्य स्थिती सांगतं, दुसरं त्या स्थितीकडे जाणारी वाट. मराठीत इथे एकच क्रियापद चालत नाही: गेट ओल्ड, म्हातारं होणे; गेट डार्क, अंधार पडणे; गेट अँग्री, राग येणे; गेट वेट, भिजणे. म्हणून भाषांतर करताना ‘गेट’ला शब्द शोधत बसू नका. आख्खी जोडी उचला आणि तिला मराठीत काय म्हणतात ते आठवा.

इथेच एक चूक मला वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसते. ‘गेट’ म्हणजे होणे हे कळल्यावर विद्यार्थी उत्साहाने लिहितात, ‘माय ब्रदर गॉट अ डॉक्टर.’ त्यांना सांगायचं असतं की भाऊ डॉक्टर झाला. वाचणाऱ्याला कळतं की भावाने डॉक्टर बोलावून आणला. ‘डॉक्टर’ हे नाम आहे, विशेषण नव्हे. नाम पुढे आलं की ‘गेट’ लगेच मिळवण्या-आणण्याकडे वळतं. माणूस काय झाला हे नामाने सांगायचं असेल तर ‘बिकम’ वापरा: ‘माय ब्रदर बिकेम अ डॉक्टर.’ ‘गॉट रिच’ बरोबर, ‘बिकेम अ रिच मॅन’ही बरोबर. ‘गॉट अ रिच मॅन’ म्हटलंत तर ऐकणारा विचारात पडेल, कुणी कुणाला गाठलं?

पुढे ठिकाण असेल तर पोचणे. ‘गेट टु द स्टेशन’, ‘गेट टु द ऑफिस’. होम, हिअर आणि देअर यांच्या आधी मात्र ‘टु’ येत नाही. ‘गेट टु होम’ असं कुणी म्हटलं की माझ्या कानाला खडा लागतो. ‘गेट होम’ म्हणा.

पुढे क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर काहीतरी घडून गेलं. गेट मॅरिड, गेट हर्ट, गेट फायर्ड, गेट लॉस्ट. नोकरीवरून काढलं, दुखापत झाली, वाट चुकली, अशा नकोशा गोष्टींसाठी ही रचना बोलण्यात खूप येते. नव्या माणसाने ‘गेट मॅरिड’ आणि ‘बी मॅरिड’ यांतला फरक लवकर शिकून घ्यावा. ‘व्हेन डिड यू गेट मॅरिड?’ म्हणजे लग्न कधी झालं. ‘आर यू मॅरिड?’ म्हणजे लग्न झालेलं आहे का. एक प्रसंग विचारतं, दुसरं स्थिती. आणि कोणाशी हे सांगताना ‘विथ’ नाही, ‘टु’ येतं. ‘गेट लॉस्ट’ जपून वापरा. ‘आय गॉट लॉस्ट’ म्हणजे मी वाट चुकले, पण समोरच्याकडे बघून नुसतं ‘गेट लॉस्ट’ म्हटलं तर ते ‘चालता हो’ होतं.

पायरी ३: काम कोण करतंय ते विचारा

‘आय कट माय हेअर’ म्हणजे मी स्वतः कात्री घेऊन केस कापले. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणजे केस कापून घेतले, दुसऱ्याकडून. आपलं ‘करून घेणे’ इथे तंतोतंत बसतं: गॉट द कार रिपेअर्ड, गाडी दुरुस्त करून घेतली; गॉट द डॉक्युमेंट टाइप्ड, कागद टाइप करून घेतला. शब्दांचा क्रम पाळा: गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप. वस्तू शेवटी ढकलली, ‘आय गॉट कट माय हेअर’ असं म्हटलं, तर वाक्य मोडतं.

मध्ये माणूस आला तर ‘टु’ लागतो: ‘शी गॉट हिम टु साइन.’ तिने त्याला सही करायला लावली. या ‘लावली’त मन वळवल्याची छटा आहे. गोड बोलून, समजावून, पाठपुरावा करून. ‘शी मेड हिम साइन’ म्हटलं तर दबाव आला, आणि तिथे ‘टु’ नाही. ‘शी हॅड हिम साइन’ म्हणजे तिने काम सांगितलं, त्याने केलं. ‘शी लेट हिम साइन’ म्हणजे तिने त्याला सही करू दिली. प्रसंग एकच, सही एकच, पण दोघांचं नातं चार तऱ्हेचं. कुणाबद्दल सांगताना चुकीचं क्रियापद निवडलंत तर त्या माणसावर नकळत जबरदस्तीचा आरोप होतो, म्हणून इथे घाई नको.

पायरी ४: ‘गेट टु’ दिसला की दोनदा वाचा

‘आय गॉट टु मीट हर’ या वाक्याचा अर्थ मराठीने फार सुंदर टिपलाय: मला तिला भेटायला मिळालं. संधी आली, भाग्य लाभलं असा सूर. ‘यू गेट टु चूज’, तुम्हाला निवडायला मिळेल.

पण ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणजे मला जावंच लागेल. आपलं ‘लागणे’ इथे बरोबर हजर होतं. घाईच्या बोलण्यात तो ‘हॅव’ गळतो आणि उरतं ‘आय गॉटा गो’. त्यामुळे कागदावर ‘गॉट टु’ दिसलं तर मागे ‘हॅव’ आहे का, आणि बोलणारा खूश आहे की घाईत आहे, ते बघा. सुरुवातीच्या वाक्यातलं ‘गॉट टु वर्क’ तर तीन वाटांनी जातं: कामावर पोचले, कामाला लागले, काम करायला मिळालं. पुढे ‘ॲट टेन’ असल्याने तिसरी वाट बाजूला पडते, आणि आधी बस पकडल्याचं सांगितलंय म्हणून पहिलीच बरोबर.

‘टु’ नसलेल्या ‘हॅव गॉट’चा अर्थ फक्त असणे: ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’, मला दोन बहिणी आहेत. इथे मिळण्याचा काही संबंध नाही. अमेरिकेत ‘गॉटन’ हे रूपही चालतं आणि त्याने कामाची सोय होते: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतली किंवा मिळाली. ब्रिटिश इंग्रजीत साधारणपणे दोन्हीकडे ‘गॉट’च येतं. तुम्ही कोणतीही एक पद्धत धरा, सरमिसळ करू नका.

आणि ‘आय गेट इट’, ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे कळलं, नाही कळलं. विनोद कळला नाही तरी हेच.

पायरी ५: मागून येणारे छोटे शब्द

गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट बाय, गेट थ्रू, गेट अवे विथ. यांच्या लांबलचक याद्या छापलेल्या मिळतात आणि त्या पाठ करून फारसं हाती लागत नाही. माझी पद्धत साधी आहे: ‘गेट’ म्हणजे हालचाल धरा आणि छोट्या शब्दाला दिशा समजा. ‘ओव्हर’ म्हणजे वरून पलीकडे. भिंत ओलांडली तरी गेट ओव्हर, आणि दुःख ओलांडून पुढे गेलं, सावरलं, तरी गेट ओव्हर. ‘थ्रू’ म्हणजे आरपार: फोन लागला, कठीण काळ निभावला. ‘बाय’ म्हणजे बाजूने कसंबसं जाणे, म्हणून थोडक्यात भागवणे. ‘अवे’ म्हणजे निसटणे, आणि त्याला ‘विथ’ जोडलं की चूक करूनही सहीसलामत सुटणे. मराठीत याला ‘पचवणे’ हा झकास शब्द आहे: त्याने ते पचवलं, ही गॉट अवे विथ इट.

बस, ट्रेन, विमान यांत ऑन आणि ऑफ. मोटारगाडीत इन आणि आउट ऑफ. आत उभं राहून चालता येतं तिथे ऑन, आणि वाकून शिरून बसावं लागतं तिथे इन, एवढी खूण लक्षात ठेवली तर बहुतेक वेळा चुकत नाही.

पायरी ६: समानार्थी शब्द घरचा की कचेरीतला, ते ओळखा

आठव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेले व्हायकिंग इंग्लंडमध्ये उतरू लागले, पुढे तिथे वसले. त्यांच्या भाषेतल्या ‘गेटा’ या क्रियापदावरून ‘गेट’ आलं. नंतर १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, न्याय, कारभार फ्रेंच-लॅटिनच्या हाती गेला. रिसीव्ह, ऑब्टेन, अक्वायर हे शब्द त्या वाटेने इंग्रजीत आले. म्हणून आजही ‘गेट’ घरच्या कपड्यांत असतं आणि ते तिघे कचेरीच्या कपड्यांत. आपल्याकडे ‘पत्र मिळालं’ आणि ‘पत्र प्राप्त झाले’ यांत जो फरक ऐकू येतो, तोच हा.

तरी ते तिघे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘रिसीव्ह’मध्ये वस्तू तुमच्याकडे आली, तुम्ही फक्त स्वीकारली: पत्र, पगार, पुरस्कार. ‘ऑब्टेन’मध्ये तुम्ही खटपट केली, अर्ज केला, पाठपुरावा केला: परवानगी, प्रमाणपत्र, माहिती. ‘अक्वायर’मध्ये बहुधा वेळ गेला, किंवा मालकी आली: कौशल्य अंगी आलं, एका कंपनीने दुसरी विकत घेतली. ‘अर्न’मध्ये तुमचे कष्ट आहेत, आदरही ‘अर्न’ करतात. ‘फेच’ म्हणजे जाऊन घेऊन येणे, दोन्ही फेऱ्या त्यातच. सर्दीला यांतलं एकही चालत नाही. ती ‘कॅच’ करतात. ‘आय ऑब्टेन्ड अ कोल्ड’ म्हणजे अर्ज करून सर्दी मिळवल्यासारखं होतं.

होण्यासाठी ‘बिकम’ जरा औपचारिक. ‘ग्रो’त हळूहळू होणं आहे. ‘टर्न’ रंगाला: पानं पिवळी पडली, टर्न्ड यलो. ‘गो’ बऱ्याचदा बिघडण्याला: टक्कल पडणे, गो बॉल्ड, दृष्टी जाणे, गो ब्लाइंड.

पोचण्याच्या ‘अराइव्ह’ची गोष्ट मला फार आवडते. त्याच्या पोटात ‘तीर’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘रिपा’ आहे. मुळात अराइव्ह म्हणजे किनाऱ्याला लागणे. पुन्हा आपलं ‘लागणे’! त्याच्यामागे ‘टु’ लावायचा नाही. शहर किंवा देश असेल तर ‘इन’, स्टेशन किंवा इमारत असेल तर ‘ॲट’.

समानार्थी शब्दांच्या कोशाबद्दल एक सावधगिरी. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ साली आपला थिसॉरस प्रसिद्ध केला, तो वर्णक्रमाने नव्हे तर अर्थांच्या गटांनी मांडून. कल्पना मनात आहे पण शब्द आठवत नाही, अशा लिहिणाऱ्यासाठी ते पुस्तक होतं. म्हणजे ज्याला ते शब्द आधीच ठाऊक आहेत त्याच्यासाठी. नव्या माणसाने तिथून अनोळखी शब्द उचलून वाक्यात बसवला तर तो क्वचितच नीट बसतो. आधी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात त्याची दोन-तीन उदाहरणवाक्यं वाचा, मगच वापरा. आणि शब्दकोश उघडला की व्याख्येआधी उदाहरण वाचायची सवय लावा.

‘गेट वापरू नका, दुबळा शब्द आहे’ असा सल्ला तुम्हाला कधीतरी मिळेल. अर्जात, अहवालात तो बऱ्यापैकी खरा आहे. तिथे ‘आय रिसीव्ड युवर लेटर’ शोभतं. बोलण्यात मात्र तो पाळू नका. मित्राला ‘आय ऑब्टेन्ड युवर मेसेज’ म्हणणारा माणूस परका वाटतो. तिथे ‘आय गॉट युवर मेसेज’ हेच उत्तम इंग्रजी आहे.

पायरी ७: पंधरा दिवसांचा सराव

एक छोटी वही करा. रोज ऐकलेली किंवा वाचलेली ‘गेट’ची तीन वाक्यं पूर्ण लिहा, सुटा शब्द नको. प्रत्येकाच्या वर मराठी क्रियापद पेन्सिलने लिहा. आठवड्याने पेन्सिल खोडा आणि पुन्हा लिहून बघा. दुसऱ्या आठवड्यात उलट करा: दिवसभरात तुम्ही काय केलं ते मराठीत पाच ओळी लिहा आणि जिथे पोचलो, दमलो, करून घेतलं, आणलं, करायला मिळालं असं आलंय तिथे ‘गेट’ने सांगून बघा. जिथे जमत नाही तिथे खूण करा. त्या खुणा कुणा जाणत्याला दाखवायच्या.

सुरुवातीला ही पाच घ्या. उत्तरं हाताने झाकून ठेवा.

‘गेट युवर कोट.’ कोट घेऊन ये.
‘इट गॉट कोल्ड.’ गार झालं.
‘आय कुडन्ट गेट द विंडो टु ओपन.’ खिडकी काही केल्या उघडेना.
‘वी नेव्हर गॉट टु से गुडबाय.’ निरोप घ्यायला मिळालाच नाही.
‘डोन्ट गेट अप, आय विल गेट इट.’ तुम्ही उठू नका, मी बघते.

शेवटच्या वाक्यात ‘इट’ म्हणजे दार की फोन, ते वाक्यात नाही. ते खोलीत काय वाजतंय यावरून कळतं.